येतं सगळं, मग मार्क जातात कुठे?

कोथरूडच्या एका आईचा प्रश्न आहे. मुलगी दहावीत, सेमी-इंग्रजीला. विज्ञान भाग २, म्हणजे बराचसा जीवशास्त्राचा पेपर, तिचा आवडता. आई पुस्तक हातात घेऊन प्रश्न विचारते तेव्हा घडाघडा उत्तरं देते. सहामाहीत मात्र ४० पैकी २५ आणि नंतरच्या सराव परीक्षेत २४. क्लासचे सर म्हणतात, ‘पाठांतर कमी पडतंय.’ आई विचारते, ‘अजून किती पाठ करायचं? आणि नक्की अडतंय कुठे?’

मी पुण्यातल्या एका शाळेत सव्वीस वर्षं विज्ञान शिकवलं. त्यातली बरीच वर्षं मार्च-एप्रिलमध्ये दहावीच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे समोर घेऊन बसले. त्या अनुभवावरून सांगते, घडाघडा बोलणाऱ्या मुलीला २४ मिळत असतील तर पाठांतर वाढवून ते फार तर २६ होतील. तिचं अडतंय ते लिहिण्यात. आणि लिहिण्यातलं अडणं वाचून सुटत नाही.

आधी तुमच्या घरातली तोंडी परीक्षा बघू. तुम्ही विचारता, ‘कासव उभयचर का नाही?’ ती म्हणते, ‘कारण त्याची स्किन ड्राय असते, आणि ते... अंडी जमिनीवर घालतं...’ तुम्ही मान डोलावता, कारण पुस्तक तुमच्यासमोर उघडं आहे आणि तिला काय म्हणायचंय ते तुम्हाला कळलं आहे. अर्धं वाक्य ती बोलली, उरलेलं तुमच्या मानेने पूर्ण केलं. उत्तरपत्रिका मान डोलवत नाही. तिथे ‘आणि ते...’ याचं पुढचं जे कागदावर आलं, तेवढंच मोजलं जातं. तेव्हा तोंडी घेणं आजपासून बंद करा, किंवा निदान त्यावरून ‘हिला येतं’ असा निष्कर्ष काढणं बंद करा.

मग सहामाहीची आणि सराव परीक्षेची, दोन्ही उत्तरपत्रिका काढा. तपासलेल्या उत्तरपत्रिकेकडे आपण एकदाच बघतो, ते एकूण किती हे बघायला. मुलगी तर तेवढंही बघत नाही, मैत्रिणीचे किती हे बघते. आता प्रत्येक गेलेल्या गुणासमोर पेन्सिलने लिहायचं: हे माहीतच नव्हतं, माहीत होतं पण लिहिलं नाही, लिहिलं पण विचारलं होतं वेगळंच, की वेळ संपला. हे तिने स्वतः करायचं, तुम्ही शेजारी बसायचं, बोलायचं नाही. मी हा प्रयोग वर्गात वर्षानुवर्षं केला आहे. ‘माहीतच नव्हतं’ हा ढीग दरवेळी मुलांना वाटतो त्यापेक्षा लहान निघतो.

पेपर कसा असतो ते एकदा नीट समजून घ्या. चाळीस गुण, दोन तास. पहिला प्रश्न १० गुणांचा: पाच बहुपर्यायी आणि पाच इतर वस्तुनिष्ठ (वेगळा घटक ओळखा, सहसंबंध, चूक की बरोबर, जोड्या वगैरे). दुसऱ्यात शास्त्रीय कारणं तीनपैकी दोन, ४ गुण, आणि छोटे प्रश्न पाचपैकी तीन, ६ गुण. तिसरा प्रश्न सगळ्यात जड, तीन-तीन गुणांचे आठपैकी पाच, म्हणजे १५. चौथा पाच गुणांचा, दोनपैकी एक. लक्षात घ्या, पहिल्या प्रश्नात पर्याय नाही. ‘हा धडा मी ऑप्शनला टाकलाय’ असं म्हणणारी मुलं तिथेच दोन-तीन गुण सोडून येतात आणि घरी येऊन म्हणतात, पेपर सोपा होता.

वेळेचं गणित तर अगदी सरळ आहे. १२० मिनिटं भागिले ४० गुण, गुणामागे तीन मिनिटं. पहिला प्रश्न बारा-पंधरा मिनिटांत उरकतो. मग दुसऱ्याला ३०, तिसऱ्यातल्या प्रत्येकाला नऊप्रमाणे ४५, चौथ्याला १५. तरीही पंधरा मिनिटं उरतात, ती आकृत्यांना नावं दिली का ते बघायला. हे सगळ्यांना माहीत असतं. पाळलं जात नाही, कारण आवडता प्रश्न आला की हात थांबत नाही.

इथे माझीच एक गोष्ट सांगते. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत माझ्या वर्गात एक हुशार मुलगी होती. प्रिलिमला पेशीय श्वसनावर दोन गुणांचा प्रश्न होता, तिने दीड पान लिहिलं. सुंदर अक्षर, रेषा आखून. आणि शेवटचा पाच गुणांचा प्रश्न कोरा. मी तिला चांगलंच झापलं. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी वही घेऊन आली आणि पान उघडून समोर धरलं. ते दीड पान मीच लिहून दिलेलं होतं, शब्दन् शब्द. ‘आदर्श उत्तर’ म्हणून मी फळ्यावर भरभरून लिहायचे आणि मुलं उतरवून घ्यायची. दोन गुणांना किती आणि पाच गुणांना किती, हे मी कधी सांगितलंच नव्हतं. त्या वर्षापासून उत्तरं लिहून देणं बंद केलं. तोवर अनेक बॅचेस माझ्या हाताखालून गेल्या होत्या, त्याला आता इलाज नाही.

मग काय करायला लागले? मुलांच्या हातात लाल पेन दिलं. तुम्हाला या सगळ्या उत्तरातून एकच गोष्ट उचलायची असेल तर ही उचला. जिला उत्तर तपासता येतं तिला उत्तर लिहिता येतं, उलटं नेहमी खरं नसतं. त्यामुळे तिला विद्यार्थिनी म्हणून बसवा तितकंच परीक्षक म्हणूनही बसवा.

पद्धत अशी. शनिवारी एखाद्या जुन्या प्रश्नपत्रिकेतले चार प्रश्न घ्यायचे. जुन्या प्रश्नपत्रिकांचे संच अप्पा बळवंत चौकात कुठल्याही दुकानात मिळतात. घड्याळ लावून, पुस्तक मिटून लिहायचं. लिहून झालं की वही बंद, त्याच दिवशी तपासायचं नाही. रविवारी आधी पाठ्यपुस्तक उघडायचं, गाईड नव्हे, आणि कोऱ्या कागदावर उत्तरसूची तयार करायची: या प्रश्नाला तीन गुण आहेत तर कोणते तीन मुद्दे आले की तीन गुण द्यायचे? ते मुद्दे चार-पाच शब्दांत लिहायचे. मग वही उघडायची आणि दुसऱ्या कुणाची आहे असं समजून तपासायची. जिथे मुद्दा सापडला तिथे अधोरेखित करायचं, रेघ नाही तर गुण नाही. ‘मला हेच म्हणायचं होतं’ हे परीक्षकाला ऐकू येत नाही, म्हणून तिलाही ऐकू यायला नको.

पहिले दोन आठवडे ती स्वतःला भरभरून गुण देईल. सगळी देतात. तिसऱ्या आठवड्यात मैत्रिणीशी वह्या बदलायला सांगा. मैत्रिणीचं उत्तर तपासताना मुली कमालीच्या कडक होतात. ‘हे काय लिहिलंयस, यात कारण कुठे आहे?’ असं एकदा मैत्रिणीला म्हणून झालं की स्वतःच्या वहीत तीच चूक आपोआप टोचायला लागते.

एक नमुना घेऊन दाखवते. कासवाचाच. ‘कासव जमिनीवर तसेच पाण्यातही राहते, तरी त्याला उभयचर प्राणी वर्गात ठेवता येत नाही.’ शास्त्रीय कारण, दोन गुण. हे उत्तर मी असंख्य वेळा असं वाचलं आहे:

‘कासव हे पाण्यात आणि जमिनीवर राहते. परंतु ते उभयचर नाही. कारण ते सरीसृप आहे. त्याला कवच असते. ते हळूहळू चालते. म्हणून त्याला उभयचर प्राणी वर्गात ठेवता येत नाही.’

सहा वाक्यं आहेत. पहिली दोन आणि शेवटचं म्हणजे प्रश्नच पुन्हा लिहिलेला. तिसरं वाक्य हे कारण नाही, तो निकाल आहे. सरीसृप का, हेच तर विचारलंय. हळू चालणं ससा-कासवाच्या गोष्टीतून आलं. उरलं एक कवच, तेही कशाशी जोडलेलं नाही. कुणी उदार परीक्षक अर्धा गुण देईल. मुलगी घरी सांगते, ‘कारणं दोन्ही लिहिली.’

आता परीक्षक शोधतो ते काय? कुठल्याही शास्त्रीय कारणात दोन टोकं असतात. एक, ज्या वर्गाचा दावा आहे त्याची लक्षणं. दोन, समोरच्या प्राण्यात नेमकं काय आहे. दोन्ही शेजारी ठेवली की कारण तयार होतं. म्हणजे: ‘उभयचरांची त्वचा ओलसर आणि बिनखवल्यांची असते, त्यांना मान नसते, बोटांना नखं नसतात आणि डिंभकावस्थेत ते कल्ल्यांनी श्वसन करतात. कासवाची त्वचा कोरडी व खवलेयुक्त असते, मान असते, बोटांना नखं असतात, श्वसन सुरुवातीपासून फुप्फुसांनी होते आणि कवच असलेली अंडी ते जमिनीवर घालते. ही लक्षणे सरीसृपांची आहेत.’ तीन वाक्यं, पाच-सहा ओळी. वटवाघूळ उडतं तरी पक्षी का नाही, हेही याच साच्यात बसतं: पक्ष्यांना पिसं आणि चोच असते, ते अंडी घालतात, वटवाघळाच्या अंगावर केस असतात, ते पिल्लांना जन्म देतं आणि दूध पाजतं. साचा कळला की प्राणी कुठलाही येवो. (वर्गीकरणाचा धडा घरात बसून डोक्यात जात नसेल तर एका रविवारी कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात घेऊन जा. पाट्या वाचू देऊ नका. समोरचा प्राणी कुठल्या वर्गातला आणि कशावरून, तीन लक्षणं बोटावर मोजून सांगायची, मगच पुढच्या पिंजऱ्याकडे. निम्मा धडा तिथे होतो.)

प्रश्नातलं क्रियापद न वाचणं, हे गुण जाण्याचं दुसरं मोठं कारण. ‘नावे लिहा’ म्हटलं की नावं लिहायची, प्रत्येकाचं वर्णन नव्हे. ‘फरक स्पष्ट करा’ म्हटलं की डावीकडचा मुद्दा आणि उजवीकडचा मुद्दा एकाच बाबतीतला हवा. डावीकडे ‘सूत्री विभाजनात दोन पेशी तयार होतात’ आणि उजवीकडे ‘अर्धगुणसूत्री विभाजनाचे दोन टप्पे असतात’ हा फरक नाही, ही दोन स्वतंत्र वाक्यं झाली. दोन पेशींसमोर चार पेशीच यायला हव्यात. गुणसूत्रांची संख्या कायम राहण्यासमोर निम्मी होणं यायला हवं. कायिक पेशी आणि मूलपेशी यांच्यासमोर जनन पेशी. तक्त्याला तिसरा, अगदी डावीकडचा रकाना काढून त्यात ‘कशाबाबत’ ते लिहिलं की ही चूक होतच नाही. परीक्षेत तो रकाना नाही काढला तरी चालेल, सरावात काढाच.

‘काय होईल?’ किंवा ‘परिणाम लिहा’ असं विचारलं की मुलं कारण लिहितात, आणि कारण विचारलं की व्याख्या. यावर मी मुलांना उत्तर न लिहायचा सराव द्यायचे. वीस प्रश्न घ्यायचे आणि फक्त क्रियापदाखाली रेघ मारून शेजारी लिहायचं: किती मुद्दे, कुठल्या प्रकारचे, आकृती हवी का. एक अक्षरही उत्तर लिहायचं नाही. दहा मिनिटांचं काम आहे आणि जेवणाच्या टेबलावर होतं.

तिसरं कारण जीवशास्त्राचं स्वतःचं आहे, दुसऱ्या विषयात ते एवढं नसतं: एकसारखे दिसणारे शब्द. पेशीय श्वसन विचारलं की नाक, श्वासनलिका, फुप्फुसं सुरू. ते श्वासोच्छ्वासाचं उत्तर झालं. पेशीय श्वसन पेशीद्रव्यात आणि तंतुकणिकेत चालतं, त्यात ग्लुकोज-विघटन, क्रेब चक्र आणि इलेक्ट्रॉन वहन साखळी यायला हवी. परागीभवन आणि फलन यांची अदलाबदल होते. प्रतिलेखन, भाषांतरण आणि स्थानांतरण ही प्रथिनं तयार होण्याच्या पायऱ्यांची त्रयी तर दर वर्षी एकमेकांच्या जागी येते. तुमची मुलगी सेमीची आहे, म्हणजे विज्ञान इंग्रजीत लिहिणार. तिच्यासाठी मायटॉसिस (सूत्री विभाजन) आणि मायॉसिस (अर्धगुणसूत्री विभाजन) ही खास भीती. दोन्ही शब्दांची इंग्रजी स्पेलिंगं इतकी जवळची आहेत की घाईत एक-दोन अक्षरं इकडची तिकडे झाली तर दोन्हींच्या अधलंमधलं काहीतरी कागदावर उमटतं. परीक्षकाने काय समजायचं? अशा जोड्यांची एक वेगळी यादी करायला सांगा. व्याख्या लिहायची नाही, फक्त फरक पडतो तो एक शब्द समोर लिहायचा. प्रतिलेखनासमोर ‘डीएनएवरून आरएनए’, भाषांतरणासमोर ‘कोडॉन ते अमिनो आम्ल’, स्थानांतरणासमोर ‘रायबोसोम सरकतो’. एवढं पुरतं.

इथेच उत्क्रांतीही येते, आणि तिथली चूक शब्दाची नसून विचाराची असते. डार्विनचा नैसर्गिक निवडीचा सिद्धांत विचारलेला असतो आणि उत्तर येतं, ‘जिराफांनी उंच झाडांची पानं खाण्यासाठी मान ताणली, त्यामुळे ती लांब झाली.’ हा लॅमार्क झाला, इंद्रियांचा वापर व न वापर. डार्विनच्या उत्तरात कुणीही काही ताणत नाही. आधीच काही जिराफांच्या माना लांब आहेत, काहींच्या आखूड. जगण्याच्या स्पर्धेत लांब मानेचे तगले, त्यांना पिल्लं झाली, पुढच्या पिढ्यांत लांब माना वाढल्या. भेद आधी, निवड नंतर. ‘...साठी’ हा शब्द डार्विनच्या उत्तरात आला की थांबून वाचायचं, हा मी वर्गात घालून दिलेला नियम होता. गंमत म्हणजे आपल्या बोलण्यात हा ‘साठी’ सगळीकडे आहे: ‘वाळवंटात जगण्यासाठी निवडुंगाने पानांचे काटे केले.’ मी स्वतःसुद्धा शिकवताना तसं बोलून जायचे आणि पुढच्या बाकावरचं कुणीतरी हळूच हसायचं.

ज्या प्रश्नाचं उत्तर ‘सगळ्यांना माहीत’ असतं तिथेही गुण जातात. मुलगा होणार की मुलगी हे पुरुषाकडून येणाऱ्या गुणसूत्रावर ठरतं, हे कुणाला माहीत नाही? पण तीन गुणांसाठी साखळी पूर्ण हवी. स्त्रीमध्ये ४४ + एक्सएक्स, पुरुषामध्ये ४४ + एक्सवाय. अंडपेशी सगळ्या २२ + एक्स. शुक्रपेशी दोन प्रकारच्या, २२ + एक्स आणि २२ + वाय. एक्सवाल्या शुक्रपेशीशी फलन झालं तर मुलगी, वायवाल्याशी झालं तर मुलगा. मग शेवटचं वाक्य, की म्हणून यासाठी स्त्रीला जबाबदार धरणं चूक. बहुतेक मुली शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतात आणि समाजात स्त्रियांवर होणाऱ्या अन्यायावर अर्धं पान लिहितात. ते खरं आहे, तळमळीने लिहिलेलं असतं, आणि त्याला गुण नाहीत. ओघतक्ता काढला तर हे उत्तर चार मिनिटांत होतं.

तेच ‘सामाजिक आरोग्य’ आणि ‘आपत्ती व्यवस्थापन’चं. हे धडे शेवटचे, सोपे, म्हणून वाचले जात नाहीत, आणि पेपरात आले की मुलं निबंध लिहितात. मोबाइलचं व्यसन, ताणतणाव, यावर कुणीही बोलू शकतं. पण प्रश्न तीन गुणांचा असेल तर परीक्षक तीन वेगळे मुद्देच शोधणार. एकच मुद्दा तीन वेगळ्या शब्दांत सांगितला तर तो एकच.

आकृत्यांबद्दल घराघरांत एक गैरसमज आहे की चित्रकला चांगली असली की आकृतीचे गुण मिळतात. नाही हो. माझ्या अनुभवात सगळ्यात देखण्या आकृत्यांनी बरेच गुण घालवले, कारण छटा देण्यात दहा मिनिटं गेली आणि नावं द्यायची राहिली. आकृती म्हणजे नामनिर्देशित आकृती; प्रश्नपत्रिकेच्या सूचनांतही तेच असतं. पेन्सिल, एकेरी रेघ, छटा नाही, नावं शक्यतो एकाच बाजूला एकाखाली एक, आणि नावाची रेघ त्या भागाला टेकलेली. हवेत थांबलेली रेघ कशाला लागू होते ते परीक्षकाने ठरवायचं नसतं. आकृतीत विज्ञान कुठे आहे ते मुलीला विचारा. द्विविभाजनाच्या, म्हणजे एका पेशीचे दोन जीव होण्याच्या, आकृत्यांत ते विभाजनाच्या दिशेत आहे: पॅरामेशियम आडवं विभागतं, युग्लिना उभं. पॅरामेशियम कितीही हुबेहूब काढलं आणि मधली रेघ उभी मारली की संपलं. सूत्री विभाजनात ते गुणसूत्रांच्या जागेत आहे: मध्यावस्थेत मध्यभागी एका रांगेत, पश्चावस्थेत दोन्ही टोकांकडे निघालेली. पेशीची कड वाकडी आली तर कुणी विचारत नाही.

सराव म्हणून प्रत्येक महत्त्वाची आकृती तीन मिनिटांत, पाठ्यपुस्तक मिटून, आठवड्यातून दोनदा. वहीच्या मागच्या पानांवर, खराब आली तरी खोडायची नाही. पुढच्या वेळी शेजारी काढायची.

आता गाईड आणि क्लासच्या नोट्स. मी त्यांच्या विरोधात नाही, पण उत्तरसूची पाठ्यपुस्तकावरूनच करायची. बालभारतीचं पुस्तक त्यांच्या संकेतस्थळावर फुकट मिळतं, हरवलं असेल तर सबब चालणार नाही. प्रत्येक पानावरच्या चौकटी, ‘जरा डोके चालवा’सारखे प्रश्न, आकृतीखालच्या ओळी, तक्ते, हे सगळं वाचायचं, पहिल्या प्रश्नातले वस्तुनिष्ठ प्रश्न अशाच कोपऱ्यांतून निघतात. आणि पुस्तकातला आकडा तोच पेपरातला आकडा. एका ग्लुकोजच्या पूर्ण ऑक्सिडीकरणातून ३८ एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारे रेणू) असं पुस्तकात आहे. हल्लीच्या वरच्या वर्गांच्या पुस्तकांत तो आकडा ३० ते ३२ असा मिळेल, आणि हुशार मुलं यूट्यूबवर तो ऐकून येतात. वर्गात त्यावर जरूर वाद घालावा, मला तर असे वाद फार आवडायचे. पेपरात ३८.

बहुपर्यायी प्रश्नांत एक काटेकोर नियम आहे. पहिल्यांदा लिहिलेलं उत्तरच ग्राह्य धरलं जातं. खोडून दुसरं लिहिलं तर ते बरोबर असूनही उपयोग नाही. म्हणून तिथे आधी प्रश्नपत्रिकेवर बोट ठेवून मनात ठरवायचं, मग लिहायचं, आणि पर्यायाच्या अक्षरासकट लिहायचं.  ‘वेगळा घटक ओळखा’मध्ये कारण मागितलं असेल तर एका ओळीत कारण.

मुख्य प्रश्न नव्या पानावर, उपप्रश्नाचा क्रमांक समासात, दोन उत्तरांत एक ओळ मोकळी. हे सगळ्या शाळा सांगतात, मी पुन्हा सांगत नाही. एवढंच म्हणेन की परीक्षकाला तुमच्या मुलीबद्दल काही वाकडं नसतं. त्याच्यासमोर गठ्ठा असतो, हातात उत्तरसूची असते आणि तो मुद्दा शोधत असतो, द्यायलाच. मुद्दा पहिल्या दोन ओळींत सापडला तर दोघंही सुटतात. महत्त्वाच्या संज्ञेखाली पेन्सिलीची एक रेघ मारली तर अजून बरं. प्रत्येक ओळीखाली मारली तर मात्र एकही मारली नाही असंच होतं.

पर्याय निवडण्याबद्दल तुम्ही विचारलं नाही, तरी सांगते, कारण २४-२५ वाल्या मुलींचा इथे हमखास घात होतो. तिसऱ्या प्रश्नात आठपैकी पाच निवडायचे असतात. मुली पहिला ओळखीचा दिसला की लिहायला घेतात. सुरुवातीला आठही वाचायचे आणि प्रत्येकासमोर किती मुद्दे येतात तो आकडा प्रश्नपत्रिकेवर बारीक पेन्सिलने न लिहिता मनात धरायचा, कारण प्रश्नपत्रिकेवर काही लिहू देत नाहीत. तीन मुद्दे येणारे आधी, दोन येणारे नंतर. परिच्छेद किंवा तक्ता देऊन विचारलेले प्रश्न मुली घाबरून सोडतात. खरं तर त्यात निम्मं उत्तर समोर छापलेलं असतं. ओघतक्ता पूर्ण करायचा असेल तर तो पूर्णच काढायचा, नुसते गाळलेले शब्द लिहून ‘तक्त्यात पाहा’ म्हणायचं नाही.

प्रिलिमला अजून वेळ आहे असं धरते. पहिले तीन आठवडे फक्त शनिवार-रविवारचं लाल पेन, दर वेळी चार प्रश्न. त्यानंतर पूर्ण पेपर, दोन तास, मध्ये पाणी प्यायलाही उठायचं नाही, आणि शक्यतो ज्या वेळी बोर्डाचा पेपर असतो त्या वेळी, म्हणजे सकाळी अकराला. घरात टीव्ही बंद. पेपर संपल्यावर गुण मोजायच्या आधी ते चार ढीग पुन्हा करायचे. ‘वेळ संपला’ हा ढीग दुसऱ्या पेपरातच आटायला हवा. नाही आटला तर मला सांगा, मग तिच्या लिहिण्याच्या मूळ गतीचंच काहीतरी बघावं लागेल, आणि ते जीवशास्त्राचं काम नाही, शुद्धलेखनाच्या वहीचं आहे.

क्लासच्या सरांना दुखवू नका. पण पुढच्या वेळी ते उत्तर लिहून देतील तेव्हा मुलीला एवढंच विचारायला सांगा, ‘सर, हे किती गुणांचं?’ आणि प्रिलिमच्या तपासलेल्या उत्तरपत्रिका शाळा बहुतेक वेळा एक-दोन दिवसांतच परत मागून घेते. घरी आली की त्याच संध्याकाळी पानन् पान मोबाइलवर फोटो काढून ठेवा.